ओढ्याने बांधलेल्या पुलाला वाली कोण?

जुलै 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठेवायलाच पाहिजे होते. पण त्याच जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर महामार्गाच्या जवळ, गुळुंचवाडीला दगडाचा एक पूल आहे. तो कुणी बांधलेला नाही, ओढ्याने कोरलाय.

मागच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी टाकून एकटाच जाऊन आलो. आळेफाट्याहून एसटी, बेल्हे मागे टाकायचं, आणे घाट लागायच्या आत उतरायचं. पाण्याची बाटली आणि भाकरी-चटणी पुरते. मळगंगेच्या देवळापाशी उभं राहून काही कळत नाही. खाली ओढ्यात उतरलं की एकदम डोक्यावर काळ्या कातळाची कमान! मी तिच्या सावलीत तासभर बसलो, दुसरं माणूस नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून आपला हा मुलूख झाला. सगळे थर सारखे टणक नसतात. पाण्याला मऊ जागा सापडली, ते पोखरत गेलं, आणि वरचा टणक दगड तेवढा तोलून राहिला. चुनखडीच्या प्रदेशात असे पूल होतात, आपल्या बेसाल्टमध्ये फार क्वचित.

वर आलो तर शेरडं राखणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "एकलाच आलाय व्हय? सांजच्या आत रोडला लागा बाबा, बिबट्याचं काय खरं नाय." जुन्नर-आंबेगावात हे कुणाला समजावून सांगायला नको. एकटे जाणार असाल तर सकाळी जा, उन्हं कलायच्या आत परत फिरा, आणि पावसाळ्यात ओढ्यात उतरूच नका.

आता मुद्दा. शिवनेरीला, लेण्याद्रीला 1958 चा केंद्राचा कायदा आहे. तिथे छिन्नी लावली तर गुन्हा. पण तो कायदा प्रामुख्याने माणसाने घडवलेल्या गोष्टींचा. निसर्गाने घडवलेल्या दगडांसाठी खाण मंत्रालयाने डिसेंबर 2022 मध्ये भू-वारसा विधेयकाचा मसुदा काढला. मसुदा! आजवर या कमानीला सांभाळलं ते मळगंगेने. पलीकडे पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत, तिथेही मळगंगाच. देवीच्या दारात सुरुंग लावायची कुणाची छाती होत नाही, एवढंच काय ते संरक्षण.

2018 पासून आपला पर्यटन तालुका आहे. मला भीती दुर्लक्षाची कमी, विकासाची जास्त वाटते. उद्या निधी आला की पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, कमानीला खेटून सेल्फी पॉईंट, आणि हे सगळं करायला जेसीबी. आपल्याकडे कामं कशी होतात ते वीस वर्षं बातम्या देऊन पाहिलंय.

म्हणून ग्रामस्थांना विनंती. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: कमानीच्या आसपास यंत्र नको, बांधकाम नको. गावातल्या दोन-चार पोरांना माहिती सांगायला तयार करा, पैसे त्यांनाच मिळू द्या. आणि पूल कसा झाला ते सांगणारा एक मराठी फलक वर रस्त्यालगत लावा, कातळात खिळा न ठोकता. मजकूर मी लिहून देतो, फुकट. तपासायला भूगोलाचे कुणी मास्तर पुढे आले तर बरं होईल.