खणाची सरकपट्टी

गेल्या श्रावणांत आमचा पुतण्या आपल्या नव्या प्रवासी गाडींतून सहकुटुंब पौडाहून माणगांवाकडे निघाला. गाडींत निजण्याची सोय असून पाठीमागें लहानसें स्वयंपाकघर आहे. ताम्हिणी घाटांतील एका वळणावर भांड्यांचा खण आपोआप उघडून निखळला व त्यांतील बिडाचा तवा धाकट्या नातीच्या पायापासून वीतभर अंतरावर आदळला. या गाडींत पुन्हां पाऊल ठेवणार नाहीं, असें वहिनींनीं तेथेंच निक्षून सांगितलें.

खण ज्या दोन पोलादी पट्ट्यांवर मागेंपुढें होतो, त्यांस सुतार 'चॅनेल' म्हणतात. आपण सरकपट्टी म्हणूं. पट्ट्या हलक्या निघाल्या, भारी घाला, असा सल्ला गाडी बांधणारानें दिला. चिरंजीव बाजारांत निघालेहि होते. मीं म्हटलें, आधीं खण तर काढूं.

दोन्ही पट्ट्यांस आंतून एकेक काळी जीभ असते. बहुधा एक वर व दुसरी खालीं, अशा एकदम दाबल्या कीं खण हातांत येतो. पाहतों तों छर्रे बहुतेक शाबूत. परंतु स्क्रू बोटानें उपटून आले, आणि त्यांच्या मळसूत्रास ओला भुसा! बाजूच्या फळ्या भुसा दाबून केलेल्या. आमच्या मुळशीच्या पावसाळ्यांत असली फळी फुगते, व फुगली कीं स्क्रूवरील तिची पकड गेलीच. भारी पट्टीहि तेथून तशीच उपटली असती.

फळ्या बदलून पाण्यास टिकणाऱ्या प्लायवूडच्या घातल्या. छर्ऱ्यांच्या नेहमींच्या पट्टीस खणाच्या प्रत्येक बाजूस सुमारें अर्धा इंच जागा लागते. ती पुढें व मागें सारखीच भरली पाहिजे, नाहींतर खण अडतो. या मापांतच आमची सकाळ गेली. पुतण्यास घाई फार! वंगण बेतानें द्यावें, रस्त्याची धूळ त्यासच चिकटते.

पट्ट्यांच्या जोडीचा भार 35 किंवा 45 किलो असा सांगतात, तो घरांतील स्थिर खणाचा. घाटांतील धक्क्यांस तो हिशेब लागू नाहीं. शिवाय सरकणें हें पट्टीचें काम, अडवून धरणें नव्हे. वाड्याच्या दारास जसा अडसर, तशी या खणास स्वतंत्र खिटी हवी होती. ती पितळेची बसविली आणि जड भांडीं तळच्या कपाटांत हलविलीं.

मग आम्ही दोघेच घाटापर्यंत जाऊन आलों. खण जागचा हलला नाहीं. वहिनींनीं स्वतः खिटी लावून तो तीनदां ओढून पाहिला.

"येईन मी, भावजी," त्या म्हणाल्या, "पण तवा मात्र माझ्या पायाशीं ठेवा."