पाटीवर नसलेली ओळ

प्राणिसंग्रहालयातली पिंजऱ्यापुढची पाटी वाचा. नाव, शास्त्रीय नाव, आहार, आयुर्मान, एका वेळी पिल्ले किती. हा प्राणी उद्या आपल्या शिवारात आला तर काय करायचे, ते मात्र लिहिलेले नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या मुरगूडच्या पोरांना नेमकी तीच ओळ हवी आहे. सहल पुण्याला गेली की कात्रजचे प्राणिसंग्रहालय पाहायचेच असते. पण इथून दाजीपूरचे रान कात्रजपेक्षा कितीतरी जवळ आहे. राज्यातले पहिले अभयारण्य 1958 साली तिथेच झाले, तेही गव्यासाठी. गव्याला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. राधानगरी-भुदरगडच्या शिवारात तो उतरतोच.

प्राणी जवळून पाहिला की माणसाला त्याचा लळा लागतो आणि लळ्यातून तो वन्यजीवांच्या पाठीशी उभा राहतो, असा प्राणिसंग्रहालयांचा दावा आहे. तो खोटा नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लोक वर्षभराचा खर्च उचलून प्राणी दत्तक घेतात. देशाच्या 1998 च्या प्राणिसंग्रहालय धोरणातही संवर्धनाला हातभार लावणे हेच पहिले काम मानले आहे.

मग 9 डिसेंबर 2020 ला पुण्याच्या कोथरूडमध्ये काय झाले? वाट चुकलेला गवा सोसायट्यांच्या गल्ल्यांत शिरला. मागे गर्दी, हातात मोबाइल, आरडाओरडा. जिवाच्या आकांताने तो फाटकांना धडका देत तासन्‌तास पळत राहिला. पकडला गेला आणि मेला. पेशवे पार्कपासून कात्रजपर्यंत, पिढ्यान्‌पिढ्या पोरांना प्राणी दाखवणाऱ्या शहरात हे घडले.

त्या गर्दीतल्या कुणाला गव्याचा जीव घ्यायचा नव्हता. प्राणी दिसला की जवळ जायचे, हाक मारायची, फोटो काढायचा, हे आपण लहानपणी जाळीपुढे उभे राहून शिकलो. तिथे ते चालून गेले, कारण मधे जाळी होती. रस्त्यावर जाळी नव्हती, सवय तीच होती. अशी सवय माणसाच्याही जिवावर बेतते. पुढच्याच डिसेंबरात गवा कोल्हापूरच्या वेशीवर आला, तेव्हा भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला.

कोथरूडनंतर दोन आठवड्यांतच बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी वन विभागाने बघ्यांना लांब रोखले. गवा आपल्या पायांनी रानात परतला. त्याला वाचवायला एवढेच पुरले.

म्हणून प्राणिसंग्रहालयांनी प्रत्येक पाटीवर ही ओळ लिहावी: ‘हा बाहेर दिसला तर मागे सरा, गर्दी करू नका, त्याची वाट मोकळी ठेवा, 1926 वर वन विभागाला कळवा.’ रंग आणि ब्रश एवढाच खर्च. आणि पाटी बदलेपर्यंत आपल्या शाळांनी थांबायचे कारण नाही. सहलीहून आल्यावर ‘मी पाहिलेला वाघ’ हा निबंध पोरे दरवर्षी लिहितात. यंदा ‘आमच्या उसात गवा आला तर’ हा विषय द्या, आणि तो घरी मोठ्यांना वाचून दाखवायला सांगा.