पथ्य कळले, पंगतीचे काय?

संपादक महोदय,

ज्येष्ठांच्या आहारावरील आपल्या लेखात पथ्यांची यादी लांबलचक आहे. पण जेवायला सोबत कोण, याचा उल्लेखही नाही. खरी गोम तिथेच आहे.

ठाण्यातले आमचे बाळकुम मुळात आगरी-कोळ्यांचे खाडीकाठचे गाव. आता गावठाणाला खेटून टॉवर उभे आहेत आणि त्यांत एकेकटी म्हातारी माणसे राहतात. एकट्याचे जेवण हळूहळू चहा-बिस्किटांवर येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत ज्येष्ठांच्या सकस आहाराला स्वतंत्र स्थान दिले आहे. त्यासाठी महागड्या पावडरीच हव्यात असे नाही. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, जवळा हे गावठाणातले ताट पुरेसे कसदार आहे.

पण नुसते ताट कसदार असून भागत नाही. आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवलेल्या आजींना गरम भाकरी आधी स्वतःच्या ताटात घ्यायला शिकवावे लागते. पंगतीतले बोलणे ऐकू यावे म्हणून श्रवणयंत्र लावणे, गरज पडली की मदत मागणे हेही असेच शिकवावे लागते.

दूरच्या नातलगांना भेटायला ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी प्रवास मोफत आहे. पण रोजची सोबत शेजारीच लागते. बाळकुमच्या सोसायट्यांनी आठवड्यातली एक दुपार क्लबहाउस ज्येष्ठांच्या सहभोजनासाठी खुले करावे, गावठाणातल्यांसह.

– एक वाचक, बाळकुम, ठाणे