बाबांचे खण

परवा दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर नेहमीचा प्रश्न आलाच. "बाबांच्या मशिनी विकल्यास का?" म्हटलं, "नाही. उलट त्यांना नवे खण करून घेतलेत." पलीकडे जरा वेळ शांतता, आणि मग, "तू पण ना!" फोनवर मला मुद्दा कधीच नीट मांडता येत नाही, दोन मिनिटांत भांडण होतं. म्हणून लिहून काढते आहे. आत्या, मामा, तुम्ही दोघंही दादाच्याच बाजूचे आहात हे मला माहीत आहे. पण एकदा सगळं ऐकून घ्या.

ज्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी स्कूटर विकली आणि स्कूटरच्या गॅरेजमध्ये आपला संसार मांडला. एक दहा मिलिमीटरचं साधं ड्रिल, एक तेरा मिलिमीटरचं हॅमर ड्रिल, जिगसॉ, चार इंची ग्राइंडर, लाकूड कापायची गोल करवत, सँडर, आणि नंतर कधीतरी आलेला ट्रिमर. हे सगळं एका जुन्या टेबलाच्या तीन खणांत कोंबलेलं. वायरींचा गुंता, मध्ये फडकी, मधेच एखादी पटाशी. आई त्या खणांना 'भानामती' म्हणायची. पण बाबांना कधी काही शोधावं लागलं नाही. हात घालायचे आणि हवी ती वस्तू काढायचे.

मग काचबिंदू निघाला. काचबिंदूचा त्रास असा की समोरचं दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं, आणि माणसाला बराच काळ ते कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन करतात ते डोळ्यातला दाब कमी करायला, म्हणजे उरलेली टिकावी म्हणून. बाबांचं ऑपरेशन २०२२ च्या पावसाळ्यात झालं आणि पुढे महिनाभर त्यांना गॅरेजची बंदी होती.

त्या महिन्यात मी शहाणपणा केला.

इंटरनेटवर ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. लाल कपाट, काळा फोम, आणि फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या नेमक्या आकाराचा खळगा. बघून जीव गार होतो. मी जाड फोमचे तक्ते आणले, ब्लेडने दोन रविवार कापत बसले आणि तिन्ही खण तसेच करून टाकले. फडकी फेकली. सगळं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावलं. फोटो काढून आपल्या फॅमिली ग्रुपवर टाकला. आत्या, सगळ्यात आधी तुझाच अंगठा आला होता :)

बाबा पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये गेले. त्यांना ड्रिलची चावी हवी होती, म्हणजे ज्या टी आकाराच्या किल्लीने बिट आवळतात ती. ती गेली पंधरा वर्षं दुसऱ्या खणात उजव्या कोपऱ्यात फडक्यात असायची. त्यांनी न बघता तिथे हात घातला. तिथे आता जिगसॉ होती आणि तिचं पातं मी काढलेलं नव्हतं. तर्जनीला तीन टाके पडले.

त्यानंतर घरात जे ठरलं ते सगळ्यांना आठवत असेल. "बाबांचं आता वय झालं. मशिनी विकून टाका." मी गप्प बसले. म्हणजे चूक माझी होती, आणि तिची शिक्षा बाबांना द्यायचं एकमताने ठरत होतं, आणि मी तोंड मिटून बसले होते. हे मी याआधी कुणाला स्पष्ट सांगितलेलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत. त्यांनी चार दिवस पेपर वाचला, किंवा वाचल्यासारखं केलं, आणि पाचव्या दिवशी मला विचारलं, "ती चावी आता कुठे असते?"

माझं आज जे मत आहे ते त्या प्रश्नावरून बनलंय. खण ज्याच्या हाताखाली असतो, मांडणी त्याची. दुसऱ्याने करून दिलेली मांडणी कितीही देखणी असली तरी ती दुसऱ्याचीच, आणि विजेवर फिरणाऱ्या पात्यांच्या बाबतीत ती धोक्याचीही.

फोमबद्दल बाबांचं मत मी नंतर विचारलं, तेव्हा त्यांनी मला टूलरूमची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकात फाइव्ह एस आलं होतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही जपानी नावं त्यांना अजून पाठ आहेत. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा-पुसा, त्याचा नियम करा, तो नियम अंगवळणी पाडा. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्ह्याची सावली रंगवलेली. पान्हा नसला की रिकामी सावली दिसते आणि कुणीतरी विचारतं, कुठे गेला? "पण ते तीन शिफ्टमधल्या तीन माणसांसाठी होतं," बाबा म्हणाले. "एकाने ठेवलेलं दुसऱ्याला दिसावं म्हणून. इथे मी एकटाच आहे. मला दिसायला नको आहे, सापडायला हवंय."

आणि फोम एका मशिनीचा गुलाम असतो, हेही खरंच. वर्षभरात त्यांचं जुनं ड्रिल जळालं, त्याऐवजी बॅटरीवरचं आणलं. त्याचा आकारच वेगळा. माझे दोन रविवार कचऱ्यात. शिवाय खळग्यात लोखंडाचा कीस आणि भुसा रुतून बसतो आणि पावसाळ्यात मशिनीखाली ओल अडकते. ग्राइंडरच्या पोटाखाली गंज धरलेला मी स्वतः पाहिला.

तर मग सुतार बोलावला आणि या वेळी बाबांना शेजारी खुर्चीवर बसवलं. पाच खणांचं नवं कपाट केलं. खणाच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीला आतून दर पंचवीस मिलिमीटरवर उभी खाच, आणि त्या खाचांत वरून सरकवायच्या सहा मिलिमीटर प्लायच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांनाही खाचा, म्हणजे आडवे छोटे तुकडे घालून हवा तेवढा कप्पा करता येतो. ना खिळा, ना फेव्हिकॉल. पट्टी उपसली की कप्पा मोठा, घातली की लहान. कल्पना काही नवी नाही, कारखान्यांत अशी पत्र्याची कपाटं कधीपासून आहेत.

पण बारकाव्यांत मजा आहे. सहाचा म्हणून आणलेला प्लाय नेमका सहा भरेलच असं नाही. म्हणून बाबांनी खाच पाडायच्या आधी तुकडा हातात घेऊन व्हर्निअरने मोजायला लावलं आणि खाच किंचित सैल ठेवायला सांगितली, कारण पावसाळ्यात प्लाय फुगला की पट्टी उपसता येत नाही, आणि उपसता न येणारी सरकती पट्टी म्हणजे नुसतीच पट्टी. पट्ट्यांची उंची खणाच्या निम्मीच. सुतार पूर्ण उंचीच्या करणार होता, दिसायला नीट. बाबा म्हणाले, मशिन वरून पंजात धरून उचलायचं असतं, उंच पट्टीवर बोटांची हाडं सोलवटतात. कप्प्याची रुंदी म्हणजे मशिनीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना एकेक बोट. हे माप त्यांनी खरोखर बोट घालून घेतलं.

वायरींचंही असंच. त्या सुंदर फोटोंमध्ये वायर का नसते हे मला फार उशिरा लक्षात आलं. ती सगळी बॅटरीवरची मशिनी असतात! आपल्याकडे घरोघरी अजून वायरवालीच जास्त. दोन-दोन मीटरची वायर आणि वर तो तीन पिनांचा प्लग, मशिनीइतकीच जागा त्याला लागते. वायर मशिनीभोवती आवळून गुंडाळली की जिथे ती आत शिरते तिथेच तुटते. त्यामुळे प्रत्येक वायरवाल्या मशिनीला लागून एक रिकामा कप्पा, त्यात वायर सैल वेटोळं करून टाकायची.

बॅटरीच्या कप्प्याबाबत मात्र मीच हट्ट धरला. सुटे स्क्रू आणि बॅटरी एका कप्प्यात अजिबात नाही. अठरा व्होल्टच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर एखादा स्क्रू आडवा पडला की शॉर्ट होऊन आग लागू शकते. आणि चार्जिंग खणाच्या आत नाही. लोक खणातच चार्जर बसवून वरून खण बंद करतात, मला ते पाहून धडकी भरते. आमचा चार्जर टेबलावर, उघड्यावर.

खालच्या खणात जड हॅमर ड्रिल, वरच्या उथळ खणात बिट. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलंय, कारण दोन जड खण एकदम पूर्ण ओढले की असं कपाट तोंडावर येऊ शकतं. मोठ्या कारखान्यांतल्या कपाटांना एका वेळी एकच खण उघडेल अशी कळ असते, आमच्याकडे ती नाही.

मांडणी मात्र मला अजूनही विचित्र वाटते. मी एकसारख्या वस्तू एकत्र ठेवल्या असत्या. बाबांनी जे एकत्र उचलायचं ते एकत्र ठेवलं. ड्रिलच्या शेजारी भिंतीची बिट, त्याशेजारी रावळप्लग, त्याशेजारी पेन्सिल. पेन्सिल ड्रिलच्या खणात कशाला? तर भोक पाडायच्या आधी खूण करावी लागते म्हणून. बिट ते बघत नाहीत, चाचपतात. भिंतीच्या बिटचं टोक पात्यापेक्षा किंचित रुंद लागतं, कारण तिथे कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. लाकडाच्या बिटला मध्ये बारीक अणी लागते. लोखंडाच्या बिटचं टोक नुसतं निमुळतं. हॅमर ड्रिलच्या काही बिटांना मागच्या दांड्यावर खाचा असतात. मी डोळे मिटून करून पाहिलं, चौथ्या प्रयत्नात जमलं.

पहिल्या महिन्यात त्यांनी पट्ट्या किती वेळा हलवल्या असतील! रोज काहीतरी इकडचं तिकडे. मला वाटलं, झालं, विसरायला लागले की काय. तसं नव्हतं. हात कुठे जातो ते बघून ते पट्टी हलवत होते. मग हलवणं कमी कमी होत थांबलं. आता कित्येक महिन्यांत एकही पट्टी हललेली नाही. फोममध्ये हे शक्य नव्हतं. तिथे पहिल्याच दिवशी सगळं कळलेलं असावं लागतं.

आता दादाच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही. कडेचं न दिसणाऱ्या माणसाने ग्राइंडर धरू नये, हे मला मान्य आहे. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारी चकती फुटली तर ती कडेनेच येते. गोल करवतीचंही तेच. ही दोन मशिनी आम्ही खरंच काढली. बाबांनी स्वतः ती शेजारच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्या मुलाला दिली, चकत्यांवरची तारीख बघायला शिकवून. (हो, चकतीला एक्स्पायरी असते, मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली. औषधाच्या बाटलीवर आपण बघतो, इथे कुणी बघत नाही.) ट्रिमर आहे, पण मी असतानाच चालवायचा. ड्रिल, सँडर आणि जिगसॉ त्यांची ते वापरतात, आणि कुठलंही मशिन खणात जाण्याआधी प्लग किंवा बॅटरी काढायची, पातं काढायचं, बिट काढायची, हा नियम दोघांना. तो मोडणारी आजवर मीच निघाले आहे.

हे कायमचं नाही, हेही मला ठाऊक आहे. पुढच्या तपासणीत नजर आणखी कमी झाली तर जिगसॉ जाईल. नंतर कधीतरी ड्रिलही. पण एकेक करून जाईल, त्यांच्याशी बोलून, पट्टी एकेक खाच सरकवत. एका दुपारी भंगारवाला बोलावून सगळं एकदम नाही. दादा, तुझ्या-माझ्यात वाद आहे तो एवढाच. तू म्हणतोस बोट गेलं असतं तर? गेलं असतं तर माझ्यामुळे गेलं असतं, त्यांच्या वयामुळे नाही. आणि ते बोटच ज्याच्यासाठी आहे ते सगळं काढून घेतलं तर उरतं काय, याचं उत्तर तू मला चार दिवसांच्या त्या पेपर वाचण्यात पाहिलं असतंस. तू तेव्हा इथे नव्हतास, हा तुझा दोष नाही.

ग्राइंडरचा कप्पा अजून रिकामाच आहे. मी म्हटलं, बाबा, पट्टी सरकवून सँडरचे कागद ठेवूया का? "राहू दे," म्हणाले. राहू दिलाय.

सध्या ते आईच्या देवघराला छोटा खण करताहेत, वाती आणि काडेपेटीसाठी. त्यालाही आतून खाचा. आई म्हणते, माझ्या वातींना कशाला हवेत कप्पे? पण रोज जाऊन बघून येते.

दादा, दिवाळीला येशील तेव्हा गॅरेजमध्ये जरूर जा. बाबांनी तुला काय काय दाखवायचं ते ठरवून ठेवलंय. फक्त काही उचललंस तर होतं तिथेच ठेव. आणि येताना सहा मिलिमीटरची भिंतीची बिट दोन आण, इथल्या दुकानातली लवकर झिजतात असं त्यांचं म्हणणं आहे.