बहात्तर तासांचं गणित

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी दुपारी जेवून जरा आडवा होतोय, तोच टीममधल्या एका पोराचा फोन. लग्न ठरलंय त्याचं. आवाज एकदम खाली. "दादा, एक विचारायचं होतं..."

शुक्रवारी रात्री कंडोम फाटला होता. तातडीची गोळी असते हे दोघांनाही ठाऊक. मग घेतली का नाही? तर कोपऱ्यावरचा मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा, आणि तिला वाटत होतं की ही गर्भपाताची गोळी!

चाळीसेक तास असेच गेले. सर्व्हर पडला तर हाच पठ्ठ्या मला पाचव्या मिनिटाला उठवतो.

म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, पण गणित साधं आहे. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. म्हणजे बरेचदा शुक्राणू आधी येऊन थांबलेले असतात आणि बीज मागाहून येतं. लिव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी हे बीज बाहेर पडणंच लांबवते. तोवर शुक्राणू संपतात. बीज आधीच सुटलं असेल तर गोळीचा उपयोग होत नाही, आणि गर्भ राहिलेलाच असेल तर ती त्याला धक्काही लावत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली या गोळीच्या माहितीपत्रकात याच अंगाने दुरुस्ती केली.

आता ते '७२ तास'. लोकांना वाटतं तीन दिवस हातात आहेत. अहो, ही काय रिटर्न भरायची शेवटची तारीख आहे? बीज कधी सुटेल ते आपल्याला कळत नाही, म्हणून जितकी लवकर तितकी बरी. घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीची किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर असर कमी होतो, डॉक्टरांना विचारा. बीज नुसतं लांबलेलं असतं, त्यामुळे त्याच महिन्यात पुढे कंडोम हवाच. पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट करा. आणि उशीर झालाच तर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेता येते. सगळ्यात खात्रीचा उपाय तोच.

"सहज मिळाली की पोरं सोकावतील" असं म्हणणारे भेटतात. दर वेळी हीच गोळी घेणं चूकच. रोजच्या गोळ्यांपेक्षा ती कमी भरवशाची, पाळीचं वेळापत्रक बिघडवते, आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. हे सांगायलाच हवं. पण लाजेपायी दोन दिवस घालवल्याने कुणाचे संस्कार सुधारले? २००५ पासून आपल्याकडे ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. कायद्याने दार उघडलं, आपण मात्र अजून उंबऱ्यावर घुटमळतोय.

त्याला म्हटलं, "फोन ठेव, दुसऱ्या पेठेतल्या मेडिकलमध्ये जा. आत्ता." गेला. पुढे तिची पाळी वेळेवर आली. पण ते त्यांचं नशीब, शहाणपण नव्हे.

असो. घरात लग्नाच्या वयाची मुलं असतील तर एवढं त्यांना सांगून ठेवा. रविवारी दुपारी फोन करायला प्रत्येकाला कुणी दादा असतोच असं नाही.