मनगटातला बोगदा

गेल्या महिन्यात इंदूरला मावसबहिणीकडे जाणं झालं. ताई सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला आहे. 16 वर्षं झाली. रात्री जाग आली तर ती अंथरुणात बसून उजवा हात झटकत होती. "मुंग्या येतात गं, रोजचंच आहे," म्हणाली. सकाळी चहा देताना तिच्या हातून बशी निसटली.

करंगळी सोडून बाकीची बोटं बधिर होतात, हे ऐकलं आणि अंदाज आला. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. खंडव्याहून जुन्या मीटरगेजने इंदूरला गेलेल्यांना कालाकुंड-पातालपाणीचे बोगदे आठवत असतील. तसाच एक चिंचोळा बोगदा आपल्या मनगटात असतो. त्यातून बोटांच्या दोऱ्या जातात आणि एक नसही जाते. आत सूज आली की नस दबते. सतत तीच ती हालचाल, मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण ही त्यामागची काही कारणं. पुरुषांपेक्षा बायकांत हा त्रास जास्त.

ताईने पर्समधून एक पत्रक काढलं. 'ऑपरेशनशिवाय इलाज, शॉकवेव्ह थेरपी.' तिला दोन प्रश्न होते. विजेचा झटका देतात का? आणि गुण येतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं. यात शरीराला विजेचा झटका देत नाहीत. या लहरी दाबाच्या असतात. 1980 साली जर्मनीत म्युनिकला अशाच लहरींनी पहिल्यांदा रुग्णाचा मूतखडा फोडला. पुढे कमी जोराच्या लहरी टाचदुखीसाठी वापरात आल्या, आणि मग मनगटासाठी. इथे काही फोडायचं नसतं. सूज उतरावी, रक्तपुरवठा सुधारावा, अशी अपेक्षा असते.

दुसऱ्याचं उत्तर मात्र पत्रकाइतकं ठाम नाही. मनगटावरचे प्रयोग बहुतेक लहान, थोड्या रुग्णांवरचे आणि थोड्या काळाचे आहेत. काहींत सौम्य, मध्यम त्रासाच्या रुग्णांना आराम पडला. काहींत नुसत्या पट्ट्याने जेवढा गुण आला, त्याहून फार फरक दिसला नाही. डॉक्टरांचंही यावर एकमत नाही. म्हणजे उपचार खोटा नाही, पण हमखासही नाही.

वाचकहो, काळजी पैशांची आहेच, पण त्याहून मोठी वेळेची आहे. नस फार दिवस दबून राहिली की अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सुकू लागतो, पकड जाते. मग ऑपरेशन करूनही गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून आधी नसेची तपासणी. त्रास सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. झोपेत मनगट दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो, तो याने टळतो. गरज पडली तर इंजेक्शन. आणि नस फारच दबली असेल तर ऑपरेशनला घाबरू नये. तेवढाच भाग बधिर करून वरचा पडदा कापतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. शॉकवेव्ह घ्यायची तर हे सगळं कळल्यावर, डॉक्टरांना विचारून घ्यावी. त्यापायी तपासणी लांबवू नये.

ताईला म्हटलं, नंदानगरच्या कामगार विमा रुग्णालयात दाखव. तुझ्या पगारातून पैसे कापले जातातच ना? ती गप्प बसली. मग म्हणाली, "हात दुखतो हे कळलं, तर उद्या माझ्या जागी दुसरी उभी करतील."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवडे रोज फोन केला, तेव्हा कुठे ती रजा काढून गेली. नस मध्यम दबलेली निघाली. आता पट्टा चालू आहे. दीड महिन्याने पुन्हा दाखवायचंय. ती रात्री झोपते, हे काय कमी आहे?

तुमच्याही घरात कुणी मध्यरात्री हात झटकत बसत असेल. तिने सांगायची वाट पाहू नका. आज तुम्हीच विचारा.