डब्यावरचे नाव आणि डब्यातले औषध

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत ताकद विकत घेऊ पाहणारा माणूस अनेक रूपांत भेटतो. यात्रेच्या आखाड्यासाठी अंग कमावणारा मल्ल, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा तरुण, रांजणगाव वा कुरकुंभच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार आणि उसाच्या फडात कंबर मोडलेली वृद्धा यांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. पण त्या सर्वांसमोर येणारा डबा बहुधा एकाच जातीचा असतो. त्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक', 'कोणतेही दुष्परिणाम नाहीत' असे छापलेले असते. असा डबा निरुपद्रवी असेल, तर फार तर पैसे वाया जातात. परंतु त्यात न सांगता एखादे तीव्र औषध मिसळलेले असेल, तर प्रश्न पैशांचा राहत नाही. नुकसान झालेल्याने दाद कोणाकडे मागायची, आणि काय सिद्ध करायचे, हा तो प्रश्न आहे.

गुण लगेच आला, ही बाब अशा वेळी विश्वासाची नव्हे तर संशयाची खूण असते. आठ दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या भुकटीत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉईड असू शकते. ते वेदना शमवते, भूक वाढवते. पण दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीराची स्वतःची संप्रेरके निर्माण करण्याची शक्ती मंदावते. मग ते एकाएकी बंद करणेही जिवावर बेतू शकते. कामशक्ती वाढविणाऱ्या गोळीत सिल्डेनाफिल दडलेले असेल आणि घेणारा हृदयविकारासाठी नायट्रेट घेत असेल, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. वजन घटविणारे सिब्युट्रामिन हे हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आले.

हा केवळ आपल्याकडचा रोग नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात अशी भेसळ आढळल्याची नोंद केलेल्या ७७६ पूरक आहारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के उत्पादने कामशक्तीची, ४१ टक्के वजन घटविण्याची आणि १२ टक्के स्नायू वाढविण्याची होती. २०२२ मध्ये त्याच प्रशासनाने सांधेदुखीवर खपणाऱ्या 'आर्ट्री किंग' या पूरकात डेक्सामेथासोन व डायक्लोफेनॅक असल्याचा इशारा दिला. वेष्टणावर यांपैकी एकाचाही उल्लेख नव्हता.

सिद्ध कोणी करायचे?

भारतात या प्रश्नाची जाहीर चर्चा झाली ती प्रामुख्याने क्रीडाक्षेत्रात. दिल्लीतील २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिले शर्यतीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या चमूतील अश्विनी अक्कुंजी, सिनी जोस यांच्यासह काही महिला धावपटू २०११ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्या. प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या पूरकातून हे द्रव्य शरीरात गेले, असा त्यांचा बचाव होता. देशांतर्गत समितीने तो काही अंशी मान्य करून एक वर्षाची बंदी घातली. जुलै २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. अनवधानाने घेतले, एवढे म्हणणे पुरेसे ठरले नाही. काय घेत आहोत याची खातरजमा करण्याची जबाबदारी खेळाडूचीच मानली गेली.

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण नरसिंग यादवचे. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी'चा मान मिळविणारा हा मल्ल रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर मेथॅन्डिएनोन या स्टेरॉईडसाठी दोषी आढळला. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असा त्याचा दावा होता. राष्ट्रीय संस्थेने १ ऑगस्ट २०१६ रोजी तो स्वीकारला; पण १८ ऑगस्टला लवादाने फेटाळला आणि चार वर्षांची बंदी घातली. शरीरात सापडलेले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळ्या घेतल्याशी जुळते, हे तज्ज्ञांचे मत निर्णायक ठरले.

ही दोन्ही प्रकरणे नुकसानभरपाईची नव्हती. तरीही त्यांतला धडा ग्राहकासाठी मोलाचा आहे. द्रव्य शरीरात होते, एवढ्याने भागत नाही. ते अमुक डब्यातूनच आले हा दुवा जोडावा लागतो, आणि तिथेच बहुतेक तक्रारी तुटतात.

नाव अन्नाचे, गुण औषधाचा

कायद्याच्या दृष्टीने अशी वस्तू तीन कप्प्यांपैकी एका कप्प्यात पडते: अन्न, आयुर्वेदिक औषध वा आधुनिक औषध. विक्रेत्याचा कल अर्थातच सर्वांत सैल कप्प्याकडे असतो. परंतु २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने पूरक आहाराची व्याख्या करतानाच औषध त्यातून वगळले आहे. त्याखालील २०१६ च्या नियमावलीने अशा आहारात संप्रेरके व स्टेरॉईड घालण्यास मनाई केली आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना वेष्टणावर बंधनकारक केली. आयुर्वेदिक औषधातही शास्त्रोक्त ग्रंथांतील घटकच असावे लागतात. डेक्सामेथासोन त्या ग्रंथांत नाही. म्हणजे ते मिसळताच डब्याचे दोन्ही मुखवटे गळून पडतात आणि उरते ते विनापरवाना तयार केलेले औषध. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार त्यासाठी तीन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

शिक्षा झाल्याने रुग्णाचे मूत्रपिंड मात्र बरे होत नाही. त्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याचे कलम ६५ आहे. ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत आणि अन्य इजेसाठी एक लाखापर्यंत भरपाईचा आदेश त्यान्वये देता येतो. आयुष्यभर डायलिसिस करावे लागणाऱ्या कुटुंबासाठी तीन लाखांची मर्यादा किती तोकडी आहे, हे वेगळे सांगायला नको.

वेष्टणावरचे वचन

म्हणूनच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे महत्त्व मोठे आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याने सदोष उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण दिले. त्यातील कलम ८४ नुसार उत्पादन वेष्टणावरील स्पष्ट हमीशी जुळत नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. ती हमी देताना आपण निष्काळजी वा लबाड नव्हतो, असे त्याने सिद्ध केले तरीही. गिऱ्हाईक ओढण्यासाठी छापलेले 'दुष्परिणाम नाहीत' हे वचन इथे उत्पादकाच्याच गळ्यात पडते. फसवणुकीचा हेतू शोधत बसण्याची गरज ग्राहकाला राहत नाही.

विक्रेत्यालाही सुटका नाही. उत्पादक कोण हे कळत नसेल, त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा त्याच्याविरुद्ध आदेशाची अंमलबजावणी होणार नसेल, तर कलम ८६ नुसार विकणारा जबाबदार धरला जातो. पत्ता नसलेल्या पाकिटांच्या व्यापारात ही तरतूद कळीची आहे. तक्रार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात करता येते. अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क नाही. त्यामुळे हजार रुपयांच्या डब्यासाठी शिरूरचा ग्राहक पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे. इतर कायद्यांखालील कारवाई सुरू असली, तरी हा मार्ग बंद होत नाही.

पुरावा डब्याबरोबर संपतो

हक्क मोठा आहे. पण त्याकडे नेणारी वाट अरुंद आहे. डबा संपतो, फेकला जातो. पावती घेतलेली नसते. भुकटी कागदाच्या पुडीत आलेली असेल, तर उत्पादन क्रमांकही नसतो. आजार महिन्यांनी उघड होतो, आणि तोवर डॉक्टरांनाही आपण काय घेत होतो हे रुग्णाने संकोचाने सांगितलेले नसते. कामशक्तीच्या गोळ्यांबाबत तर हा संकोच तक्रारीचा गळाच घोटतो. नरसिंग यादवच्या प्रकरणात जो दुवा तज्ज्ञांच्या फौजेलाही जोडता आला नाही, तो दौंडच्या एखाद्या शेतमजुराने कसा जोडावा?

तपासणीची तरतूद आहे, पण तिलाही अट आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो. आजारी पडल्यावर जाग आलेल्या माणसाने हे आधीच कसे सांगावे? त्याला तीच वस्तू पुन्हा विकत घ्यावी लागते, आणि तोवर दुकानदार सावध झालेला असतो. शिवाय प्रयोगशाळेला काय शोधायचे हे सांगितले नाही, तर प्रथिनांचे प्रमाण बरोबर असल्याचा दाखला मिळून स्टेरॉईड तसेच दडलेले राहू शकते. ग्राहक आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. पण त्यासाठी नमुना उरलेला असावा लागतो.

महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच प्रशासनाच्या छताखाली आहेत. त्यामुळे 'हे अन्न की औषध' या वादात फाईल इकडून तिकडे फिरण्याचे कारण इथे तरी नसावे. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात एकाएकी वाढलेली साखर, सुजलेला चेहरा वा यकृताची बिघडलेली चाचणी घेऊन आलेल्या रुग्णाला 'कोणती भुकटी घेता?' हे विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर लिहिले गेले आणि उरलेला डबा मोहोरबंद करून प्रशासनाकडे पाठविण्याची सोय झाली, तर तुटलेला दुवा तिथेच जोडला जाईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. तालुक्याच्या पातळीवर एक ठरलेली पद्धत हवी.

तोवर ग्राहकाच्या हाती उरतात त्या साध्या गोष्टी: पावती, वेष्टण, आणि डब्याच्या तळाशी राहिलेली चार चमचे भुकटी. गुण आला म्हणून डबा संपविणारे आणि अपाय झाला म्हणून तो उकिरड्यावर फेकणारे, दोघेही नकळत उत्पादकाचाच बचाव करीत असतात. कायद्याने वेष्टणावरच्या वचनाला किंमत दिली आहे; ती वसूल करायची, तर वेष्टण जपून ठेवावे लागेल.